धूळ आणि बर्फ

औलूच्या लॅबने फ्रेममागे दीड युरो घेतला
आणि तीन आठवड्यांनी पेनड्राइव्ह पाठवला.
सगळं लख्ख. ओरखडा नाही, बोटाचा ठसा नाही.

तेउव्होने चौतिसावा फोटो उघडला:
अंगणात केर्त्तू, वय सात,
तोंड आभाळाकडे, जीभ बाहेर.
पण बर्फ पडतच नव्हता.

मशीनने एकूणएक पांढरा ठिपका
धूळ समजून वेचून काढला होता.
पोर नुसतीच जीभ दाखवत उभी,
कुणाला, कोण जाणे.

मग जावयाचा जुना स्कॅनर
माळ्यावरून खाली आला.
फिल्म सपाट बसेना, झाकणावर जाडजूड शब्दकोश ठेवला.
एका निगेटिव्हला अकरा मिनिटं. कॉफी गार.
काचेखाली केर्त्तूभोवती काळा बर्फ,
पडद्यावर हळूहळू पांढरा होत गेलेला.

आला परत. पण एकटा नाही,
पंचावन्न हिवाळ्यांची धूळ सोबत घेऊन.
आता कुठला ठिपका आभाळातला,
कुठला बुटांच्या खोक्यातला,
त्याला सांगता येईना. भिंग लावूनही.

रात्री बहिणीला फोन केला.
ती खोकत हसली:
"जिभेवर विरघळला तो बर्फ.
बाकीचं तुझं तू बघ."