पावणेनऊचा वर्ग

फोन पावणेनऊला घरी येतो.
दिवसभर तो बापाच्या खिशात असतो,
रक्ताच्या नळ्या पोचवत
चेंबूर, सायन, परत चेंबूर.
शाळा सकाळी साडेसातला भरते.
सुगतची भरते रात्री,
उरलेल्या अकरा टक्क्यांवर.

चार्जरची वायर आखूड.
तो प्लगखाली भिंतीला टेकून बसतो,
म्हणून मला दिसतं त्याचं कपाळ फक्त,
वर पंख्याचं एक पातं,
आणि मानखुर्दच्या सातव्या मजल्यावरचा
कुणीतरी लग्नात लावून विसरलेला कागदी तारा.

"दिसतंय का?" मी विचारते.
"दिसतंय, टीचर."
चौथीत आहे.
तीन वर्षं ह्याच उत्तरावर
शेवटच्या बाकावर निभावून नेलंय त्याने.

एकदा शेजारच्यांच्या फोनवरून
दिवसाच्या वर्गातही बसला होता.
छप्पन्न चौकोन. धडा पडद्यावर.
सवयीने त्याने ओळीखाली बोट ठेवलं
आणि पानच उडून गेलं.
पुन्हा ठेवलं, पुन्हा उडालं.
मग तो हात मांडीखाली घेऊन बसला, तास संपेपर्यंत.
हे त्याच्या आईने सांगितलं मला.
तो अशा गोष्टी सांगत नाही.

भात लिहिला की तो मात वाचतो.
घर लिहिलं की धर.
मागे मी एकदा ओरडले होते ह्यावरून,
आता नाही ओरडत. त्याच्या मात्र लक्षात आहे ते.

विशाखाबाईंना म्हटलं, ताटात रवा पसरा,
बोटाने गिरवू दे त्याला.
त्या थोडा वेळ गप्प.
"नंतर रवा डब्यात परत घालू ना?"
घाला, म्हटलं. चाळून घाला.

त्याला सांगितलं,
हे बघ, घ च्या डोक्यावर अख्खं छप्पर आहे,
ध चं छप्पर उडालंय.
तो बराच वेळ रव्यात बघत होता.
"आमचं पहिलं घर ध होतं, टीचर.
रुळाजवळचं.
तोडायला आले तेव्हा."
माझ्याकडच्या पुस्तकात
ह्याच्यापुढे काय बोलायचं ते दिलेलं नाही.

आज मी कार्ड धरलं कॅमेऱ्यासमोर. घ.
माझ्या चौकोनात ते भलतंच दिसलं,
दांडी डावीकडे, पोट उजवीकडे,
आणि क्षणभर, खरं सांगते,
मलाच कळेना हे कुठलं अक्षर.
एकवीस वर्षं शिकवतेय.
कानशिलं तापली.
आपण चुकतोय, सगळ्यांना दिसतंय,
आणि का चुकतोय ते आपल्याला माहीत नाही,
असं.

घाईघाईत कागद फिरवला, मागून दिवा धरला,
शाई आरपार उमटली.
माझ्याकडे आता घ नीट.

तिकडे काही हालेना.
वाटलं, नेटवर्क गेलं.
मग कपाळ वर सरकलं
आणि पहिल्यांदा त्याचे डोळे पडद्यात आले.
"टीचर, तुम्ही उलटं केलंत."
काय?
"आधी बरोबर होतं. दांडी ह्या बाजूला पायजे."
आणि त्याने हात वर केला,
तो, रवा लागलेला.

रजिस्टरमध्ये रकाने आहेत.
उपस्थिती. कॅमेरा चालू की बंद. प्रगती, बरोबरची खूण किंवा फुली.
पेन उघडून मी तशीच बसले
आणि पेन बंद केलं.

चार टक्के, तो म्हणाला.
मी पुढचं कार्ड काढलं. घर.
त्याने डोळे बारीक केले,
मांडीखालचं बोट बाहेर काढून
हवेतच ओळीखाली ठेवलं.

"धर."

धरलंय, मी म्हटलं,
आणि कार्ड आणखी जवळ नेलं.