बाकाखालून

लौरी, तू उठू नकोस.
पोर ओरडलं की आया उठतात, कोट सावरत,
मान खाली घालून दाराकडे जातात
आणि पुढच्या रविवारी येत नाहीत.
चाळीस वर्षं बघतेय मी हे.
बस. बिस्किटाचा चुरा सांडू दे, सोमवारी झाडते मी.

मागच्या खेपेला तुझा मॅक्सन बाकाखाली शिरला
तेव्हा सगळ्यांनी पाळकबाईंकडेच बघायचं ठरवलं.
मी गेले त्याच्यामागे.
अडुसष्टाव्या वर्षी, गुडघ्यांना न विचारता.

खाली काय होतं, सांगू?
ओल्या लोकरीचा वास. कागदासकट एक पेपरमिंट.
बाकाच्या पोटावर खिळ्यानं कोरलेलं ‘नेस्ट’.
मीच ती, सात वर्षांची,
उपासना संपत नव्हती म्हणून.
आणि बूट. नुसते बूट.
त्यानं बोटानं ओळख करून दिली:
हे आजोबा, हे दुकानवाले, हे आईचे.
देव कुठे बसतो, असलं काही विचारलं नाही त्यानं,
ते मोठी माणसं मागाहून रचतात.
तो म्हणाला, “इथून काही दिसत नाही.”
एवढंच.

इतकी वर्षं मी चित्रं वाटली, रंगखडूंना टोकं काढली,
मागच्या खोलीत कापसाची मेंढरं चिकटवली,
मुलांना गोडी कशी लावावी म्हणून
समितीत बसून चहा प्यायले,
आणि मुलांना बसवलं कुठे?
सगळ्यांच्या पाठींमागे.

म्हणून आज पुढे. वडीलमंडळींच्या बाकालगतची
ती पाटीच्या दगडाची पायरी.
वेल्समधल्या ह्याच डोंगरातला दगड,
कुठकुठल्या देशांतल्या पोरांनी त्यावर अक्षरं गिरवली,
आमच्या पोरांना मात्र त्यावर टेकूही दिलं नव्हतं.
मॅक्सनला काम दिलं:
पेल्यांवरचं पांढरं कापड धरून बसायचं.
दोन्ही हातांनी. त्याला नाक पुसायचं नाही.
(पुसलं. असू दे.)

आयरवेनबाई प्रार्थनेत होत्या.
सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्याचे सोडून.
त्याला आता दिसत होतं ना!
“ईन, दाय, त्री...”
द्राक्षरसाचे इवले पेले मोजायला लागला तो,
खणखणीत, एकेकाला बोट लावत.
तू अर्धी उठलीस. मी तुझा दंड धरला.
मग तो वळला, माणसं मोजली,
स्वतःला विसरला, पुन्हा मोजली.
“पेले चौदा. माणसं तेरा. हा कुणाचा?”

पेले मी भरते. शनिवारी रात्री,
न मोजता, हाताला सवय आहे.
आज मॅक्सनचा एक मुद्दाम वाढवला होता,
तेवढाच हिशोब.
जानेवारीपासून ऑर्गन बंद आहे,
स्तोत्रं त्या काळ्या डबीतून येतात,
आणि दर खेपेला एक पेला भरलेलाच उरतो.
तो मी मोरीत ओतते, नळ सोडते,
आणि दुसऱ्याच कशाचा तरी विचार करते.

आयरवेनबाईंनी डोळे उघडले.
प्रार्थना जिथे अडली होती तिथेच राहिली.
“इद्वलचा,” त्या म्हणाल्या.
“तो कुठे बसतो?”
कुणी बोललं नाही.
कुणाचा तरी हात ऑर्गनकडे गेला.
बहुतेक माझाच.

त्यानं पेला उचलला. कापड पडलं.
जीभ दातांत धरून चालत गेला, थोडा सांडत,
थोडा बाहीवर घेत,
टाचा उंचावून झाकणावर ठेवला.
मग पायरीवर येऊन बसला आणि पाळकबाईंना म्हणाला,
“झालं. आता तुमचं सांगा.”

झाकणावरच्या डागाचं मी बघते, लौरी.
तू पुढच्या रविवारी ये.
आणि त्याला जाड विजार घाल,
ती पायरी फार गार असते.