एकशे अठ्ठावीस मिलिमीटर

केंपेरच्या दुकानात मार्यव्होन
स्टुलावर पुठ्ठा ठेवते.
बस. जरा पुढे वाक. आता ऊठ.
पुठ्ठ्यावर दोन खळगे.
ती पट्टी लावते, आकडा लिहिते.
आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझी हाडं मोजली,
तीही बुडाची.

गुबगुबीत जेलच्या सीटकडे माझा हात जातो.
"ती पहिल्या तासापुरती गोड," ती म्हणते,
"तू तर पॅरिसला निघालायस."

मग कातडी काढते,
रुसलेल्या सासऱ्यासारखी टणक.
"हजार किलोमीटर भांडेल.
मग तुझ्याशिवाय कुणाची होणार नाही."

खिळ्याला टांगलेली एक, काळपट,
डावा खळगा जरा जास्त खोल.
मी किंमत विचारतो.

"यानिकची,"
एवढंच म्हणते,
आणि बोटाने तिला मेण चोळत राहते,
डावीकडे
थोडं जास्त.