खापराचं माप

लाइट येऊन पाच मिनिटं झाली असतील,
वछलाबाई मारवडहून आल्या.
पिशवीत फडकं, फडक्यात खापराचा तुकडा, वीतभर,
एका अंगाला काजळी, दुसऱ्या अंगाला भाजल्या मातीचा मूळ रंग.
"भाऊ, इतलाच वाचना.
कुंभार मरी गया. माप त्याना हातम्हा व्हतं."

पारोळ्याचा नवा कुंभार विचारतो, किती इंच?
त्याच्यापुढे धरायला त्यांना हवं होतं एक लाकडी कडं:
असं, एवढं.
आमचं दुकान फ्लेक्सचं, नंबरप्लेटचं,
वाढदिवसाचे भाऊ आणि दशक्रियेचे आप्पा
एकाच फाइलीत झोपलेले.
मागच्या खोलीत प्लायवूड कापायचं मशीन आहे, म्हणून आल्या.

तुकडा स्कॅनरवर ठेवला. काचेवर काळं पडलं.
शेठ जेवायला गेले होते, बरं झालं.
पडद्यावर उगवली कडेची वाकडी रेघ,
कलिंगडाच्या सालीएवढी,
आणि बाकी सगळा पांढरा कागद.

सॉफ्टवेअर जुनं.
मध्य सांगा, वर्तुळ घ्या, एवढंच त्याला कळतं.
इथे मध्यच तर हरवलेला.

मग नववीतले बाविस्कर सर आठवले,
लाकडी कंपास, टोकाला सुतळीने बांधलेला खडू,
"तीन बिंदू काढा!" म्हणायचे,
उधारी वसूल करायला आल्यासारखे.

कडेवर तीन ठिपके ठेवले. जोडले. दोन्ही रेघांचे मध्य काढले,
त्यांवर नव्वदात उभ्या केल्या दोन रेघा.
पहिल्यांदा ठिपके फार जवळ घेतले होते.
माउस केसभर हलला
आणि केंद्र टेबलाखालून, स्टँडपलीकडून,
बोरीच्या कोरड्या पात्रात जाऊन पडलं.
खापर झालं तालुक्याएवढं.
"इतला मोठा मांडा कोन खाई?"

दुसऱ्यांदा टोकांना एकेक, एक पोटात.
बसलं. सोळा इंच, वर एक सूत.
मग उगाच, खात्रीसाठी, चौथा ठेवला.
तो बाहेर. दोन मिलिमीटर.
पहिला सोडून चौथा घेतला तर पंधरा,
दुसरा सोडला तर साडेसोळा.
तिघांचं कसंही जमतं,
चौथा आला की पंचाईत.
थापटणं एके जागी जास्त बसलं असणार, त्या म्हणाल्या,
निंबा कुंभाराचं अर्धं लक्ष कायम रस्त्यावर.

विचारलं, चूल आहे का अजून?
आहे. ती मोडायची नाही, म्हणून तर हे सगळं.
फोन लावला. सुनेने नातवाची शाळेची पट्टी घेतली,
थानापासून थानापर्यंत सरकवत सरकवत
तीन आकडे ओरडून सांगितले:
छत्तीस. साडेछत्तीस. चौतीस.
त्रिकोण काढला, त्याच्या तीन टोकांतून वर्तुळ नेलं,
उचलून पहिल्या वर्तुळावर ठेवलं.
दोन रेघांची एक झाली.
मी काही बोललो नाही. त्याही नाहीत.
म्हणजे, चुलीला माहीतच होतं.

मशीन चाललं. जळक्या लाकडाचा वास.
वछलाबाईंनी कडं पदराने पुसलं,
दोन्ही हात कोपरापर्यंत पुढे केले,
मांडा फिरवतात तसं त्याला हातांवर तोललं,
एकदा, मग पुन्हा.
मान हलवली. ऐंशी रुपये दिले, सगळे दहा-दहाचे.

त्या गेल्यावर मदतीच्या रेघा पुसत बसलो.
त्रिकोण गेला. उभ्या रेघा गेल्या.
ठिपके गेले, तो भांडखोर चौथासुद्धा.
केंद्र राहिलं. त्याला रंग नाही, जाडी नाही,
छापायला गेलं तर छापलं जात नाही.
फिरत्या चाकावर, ओल्या गोळ्यात
निंबाची मूठ पहिल्यांदा शिरली असेल
ती जागा.

खोडलं नाही. लॉक केलं,
आणि काचेवरची काजळी पुसायला
फडकं शोधू लागलो,
शेठ यायच्या आत.