काड्यांचा तास

नळ स्टॉपच्या मागे, चष्म्याच्या दुकानावर
सव्वासातला माझा वर्ग भरतो.
भोसरीहून, चाकणहून शिफ्ट संपवून येतात ही मुलं,
नखांत अजून ग्रीस.
मे महिन्यात सातही जण जपानला निघालेत, अकरा महिन्यांसाठी.
व्याकरण झालंय, कसंबसं.
आज रीतभात.

बूट दारात काढायचे, मी सांगते.
"ते तर आपण पण काढतोच, बाई."
काढता. पण कसे? जा, बघून या जिन्यात.
चौदा चपला, तोंडं जमेल त्या दिशेला,
एक उलटी, भांडण लावणारी.
तिथे तोंडं दाराकडे वळवून ठेवायची,
येतानाच जाण्याची तयारी.

कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, वाचायचं,
मागच्या खिशात घालून त्यावर बसायचं नाही.
टबात उतरायचं ते अंघोळ झाल्यावर.
वैजनाथ लोंढे वही मिटतो :
"मग टबात करायचं काय?"
बसायचं. गप्प. गरम पाण्यात.
"आणि एवढ्या पाण्याचं बिल?"
शेवया फुरके मारत खाल्ल्या तरी चालतात,
चारचौघांत नाक शिंकरलेलं चालत नाही.
टीप ठेवू नका, पोरगी मागे धावत येऊन परत देईल.

आणि "नाही" असं कुणी म्हणणार नाही.
"चोत्तो..." म्हणतील, म्हणजे "जरा..."
आणि वाक्य तिथेच सोडतील, मान किंचित कलती.
"म्हणजे आपलं 'बघू'," शबनम मोमीन म्हणते.
मी फळ्यावर लिहिते : बघू.
सोळा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

मग काड्या वाटते, प्रत्येकाला एक जोड,
मध्ये वाटीभर खारे दाणे.
दाणे उडतात. एक थेट जिन्यातल्या चपलेत.
भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत,
तसा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात.
हे लगेच कळतं त्यांना,
मृताचं पान कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तेवढ्यात हर्षल टिळेकरला दाणा सापडतो, पहिल्यांदाच,
आणि हौसेने तो शबनमपुढे धरतो.
तिच्या काड्या उघडतात.

"नको!"
माझा आवाज मलाच ओळखू येत नाही.

नाकाओ-सान गेले ते औंधच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, झोपेत.
मी कंपनीची दुभाषी, तासाचे पैसे ठरलेले.
वैकुंठात दाहिनीतून ट्रे बाहेर आला,
तिथला माणूस सवयीने फावडं घेऊन पुढे झाला.
हिसाए-साननी त्याला हातानेच थांबवलं,
पिशवीतून स्वयंपाकाच्या लांब काड्या काढल्या.
दोन जोड.
एक माझ्यापुढे धरली.
इथे त्यांचं दुसरं कुणी नव्हतं.

पायांपासून सुरुवात करायची,
म्हणजे कलशात माणूस उलटा बसत नाही.
त्या उचलायच्या, माझ्या काड्यांत द्यायच्या,
मी ठेवायची.
काय बोलल्या त्या?
काहीच नाही. भाषांतर करण्यासारखं काहीच नाही.
मी तेव्हा काड्यांना नवी होते, बोटं थरथरत होती,
तरी एकही पडलं नाही.
तो माणूस फावडं भिंतीला टेकवून उभा राहिला,
आणि कुणी न सांगता
त्याने चपला काढल्या.

वर्ग गप्प आहे.
दाणा अजून हर्षलच्या काड्यांत, अधांतरी.
"काड्यांतून काड्यांत द्यायचं नाही.
बशीत ठेव. तिचं तिला उचलू दे."
"का, बाई?"

"चोत्तो..." मी म्हणते.

सगळे माना खाली घालतात. कुणी "म्हणजे?" विचारत नाही.
हर्षल दाणा बशीत ठेवतो,
आवाज न करता.
शबनम तो उचलते,
दुसऱ्या प्रयत्नात.