विटांचा हिशोब

पुण्याला बंदर नाही, बंड आहे,
असं मी तिथल्या टॅक्सीवाल्याला म्हणालो
आणि मुलानं भाषांतर करायला साफ नकार दिला.

तीन आठवडे होतो ग्दान्स्कला.
तो तिथं गोदीत, जहाजांचे पाइप तपासतो.
मी बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसियर;
भिंत दिसली की लेकराच्या पाठीवरून फिरवावा
तसा हात आपोआप फिरतो.
तो कामावर गेला की मी आणि भिंती.

नदीचं नाव मोत्वावा.
म म्हटल्यावर आपल्याला मुठाच आठवायची,
पण हिच्यात पाणी होतं.
काठावर लाकडी यारी, काळीकुट्ट, घरापेक्षा उंच,
म्हाताऱ्यानं नाक पुढं काढून
पाण्यात पडलेलं काहीतरी शोधावं तशी.
आत दोन प्रचंड चाकं. माणसं चाकात शिरून चालायची,
चालत राहायची,
आणि बाहेर जहाजाची डोलकाठी वर चढायची.
म्हणजे कितीही चाललं तरी तिथंच, मी म्हणालो.
मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही रिटायर झालात ना?

मारियेच्या चर्चला चारशेच्या वर पायऱ्या.
पर्वतीवर घडलेले गुडघे,
पण पर्वतीच्या तीनपटीनंतर ते आपसात बोलायला लागले.
वरून गाव लाल. छपरं लाल, भिंती लाल,
आणि त्यापलीकडं गोदीच्या याऱ्या, हिरव्या,
जिथं कामगारांनी एकदा फाटक बंद करून
सरकारला बाहेर उभं केलं होतं.
बंदरही त्यांचंच, बंडही.

उतरताना मात्र मला सांधे दिसू लागले.
खालची वीट काळपट, कडा झिजलेल्या,
तिच्यावर एकाएकी सगळ्या एका मापाच्या.
इथपर्यंत जुनं. इथून पुढं पंचेचाळीस सालानंतरचं.
राखेत बसून, चित्रं आणि फोटो समोर ठेवून
त्यांनी गाव होतं तसं रचलं.
मला शनिवारवाड्याची जोती आठवली.
आपण हिरवळ लावली, तिकीट लावलं.
कुणाचं बरोबर,
याला मेजरमेंट बुकात रकाना नाही.

निघताना रास्ता पेठेतला शालोम रोहेकर म्हणाला होता,
तिथं एक मोठं सिनेगॉग होतं म्हणतात.
माझं कुणी तिथलं नव्हे. तरी बघ.
साठ वर्षांची दोस्ती, त्याच्याकडचा मलिदा
माझ्या आईनं कधी उष्टा मानला नाही,
एवढं तर बघायलाच हवं.

शेवटच्या दिवशी सापडली जागा.
बॉम्ब पडला नव्हता तिच्यावर.
लढाईच्या आधीच, काही महिने,
कागदावर सह्या होऊन, मजूर लावून
उतरवलं होतं.
उतरवणं. हा आमचाच शब्द.
पाडलं असं आम्ही कधी लिहीत नाही.
माझ्याही सह्या आहेत अशा फायलींवर,
रस्तारुंदीच्या, धोकादायक इमारतींच्या,
कधीकधी धोका नेमका कुणाला हे न विचारता.
मी तिथं टोपी काढून उभा राहिलो,
मग वाटलं, त्यांच्यात तर डोकं झाकतात,
आणि पुन्हा घातली.

परवा शालोमबरोबर कँपात गेलो.
रिक्षावाल्याला सिनेगॉग म्हटलं तर तो आरशात बघतो,
लाल देऊळ म्हटलं की मीटर टाकतो.
मोलेदिना रोडला उतरलो आणि क्षणभर
नदी कुठंय, म्हणून मान वळवली.
तीच लाल वीट. तोच उंच, टोकदार मनोरा.
फक्त समोर उसाचा रस, आणि फाटकाशी
खुर्चीत पेंगणारा पोलीस.

सापडलं का रे, शालोमनं विचारलं.
मी पहिला थर मोजायला घेतला.
पोलीस जागा झाला. काका, काय मोजताय?
विटा.
कशाला?
शालोमच बोलला, असू द्या हो,
सरकारी माणूस आहे, सवय जात नाही.

चौऱ्याऐंशीपर्यंत आलो होतो.
बोलण्यात आकडा सुटला.
भिंतीला हात लावला, ऊन होती,
आणि कोपऱ्यापासून परत सुरुवात केली.