नाद

कुणी लावला तुला हा नाद, असं विचारतात
आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात:
वडिलांनी असेल.
वडील तेव्हा हेलसिंकीत परक्यांच्या भिंती रंगवत होते.
जानेवारीतल्या नाताळाला आले, तर माझ्यासाठी गळाची काठी घेऊन,
पिवळी, दुमडणारी, पावतीसकट.
काठी अजून माळ्यावर आहे. पावतीही.

नाद लावला उस्तिन्या फादेयेव्नानं.
आमच्याच रस्त्यावर, शेवटून तिसरं घर.
उन्हाळाभर कांद्याच्या वेण्या घालून विकायची
आणि पेइप्सी सरोवर गोठलं की
घसरगाडीवर एक खोकं, एक गिरमिट
आणि शेजारणीची बिनकामाची पोर, म्हणजे मी, लादून
निघायची पहाटे,
किनारा पुसून जाईपर्यंत.

नऊ वर्षांची होते मी. ती बोलायचीच नाही.
इथे किती खोल आहे? उत्तर नाही.
मासे झोपतात का? उत्तर नाही.
फार तर नाकातून एक "हं".
आधी वाटायचं, रागावलीय.
मग वाटायला लागलं, प्रार्थना करतेय;
आम्ही सगळेच जुन्या पंथाचे, दोन बोटांनी क्रूस काढणारे,
आमच्यात हे चालून जातं.

उणे अठरा.
गिरमिट फिरलं की पायाशी बर्फाचा कीस, किसलेल्या मुळ्यासारखा,
आणि एकाएकी भोकात काळं पाणी,
कुणीतरी पापणी उघडल्यासारखं.
दूर कुठे बर्फ तडकायचा. तो आवाज
आमच्या बुडाखालून पळत जायचा पार रशियाकडे.
मी तिचा कोट धरायची.
ती नुसतं एक बोट वर करायची.

त्या फेब्रुवारीत सीमेचे शिपाई आले,
दोघे, कोवळे, नाकं लाल.
सरोवराच्या मधोमध एक रेघ आहे म्हणे.
आम्हाला ती कधी दिसली नाही. त्यांच्या यंत्रात होती.
"बाई, नाव?"
गप्प.
"कागदपत्रं?"
गप्प. एक गालफड जरासं फुगलेलं.
"हिला ऐकू येतं का?" हे मला.
मी रडायच्या बेतात.
तेव्हा तिनं हातमोजा काढला,
तळवा तोंडापुढे धरला
आणि जिभेनं, न घाई करता, बाहेर ठेवल्या
लाल अळ्या.
बारा-पंधरा असतील. वळवळत्या. वाफाळत्या.
"उस्तिन्या फादेयेव्ना," ती म्हणाली, खणखणीत,
"जन्म इथलाच, काठावरचा.
लवकर बोला काय ते. खिशात गोठतात या."

धाकटा वळला आणि गाडीमागे जाऊन ओकला.
थोरल्यानं टोपीला हात लावला,
कशासाठी, ते त्यालाही कळलं नसावं.

गाडी दिसेनाशी झाली.
एक अळी तिनं गळाला लावली, बाकीच्या परत आत,
आणि एक उरली ती माझ्यापुढे धरली.
तळव्यापाशी नव्हे. ओठांपाशी.

मी तोंड उघडलं.

चव गाळाची. थोडी गंजाची.
गालाच्या आत एक इवलासा जीव कूस बदलत होता
आणि त्याला ऊब देणं माझ्याकडे होतं, म्हणून
जन्मात पहिल्यांदा मी तासभर गप्प बसले.
गप्प बसल्यावर कळलं, दोरी बोलते.
अंगठ्याशी. एकदाच. खालच्या मजल्यावरून
कुणी दबकत दार वाजवावं तसं.
वर आला तो योर्श, बोटभर, बुळबुळीत, सगळाच काटा,
मांजरानंही नाक मुरडावं असा.
माझा हात रक्ताळला. मी ओरडले नाही,
तोंडात ती होती ना.

उस्तिन्या गेली एप्रिलमध्ये,
तार्तूच्या इस्पितळात, बर्फ फुटायच्या आठवड्यात.
शेवटचे चार दिवस ओठ घट्ट मिटलेले.
नर्स म्हणाली, वाचा गेली बहुतेक,
काहीच बोलत नाहीत.
मी काही म्हणाले नाही.
म्हणायला हवं होतं,
जरा गालात बघा.